भिंत नसलेल्या तुरुंगात शिपायाचं काम काय?

आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला १९३९ पासून कैदी बायकामुलांसोबत राहतात, शेती करतात. त्याच सांगली जिल्ह्यात २०१७ मध्ये पोलीस कोठडीतला एक तरुण जिवंत बाहेर आला नाही. या दोन टोकांच्या मध्ये उभा असतो तो खाकीतला माणूस. उद्या तो तुमच्या बॅचमधलाही असू शकतो.

कराडमध्ये पहाटे अंधारात उठणारे दोन गट आहेत. एक मंडईतले आणि दुसरे भरतीवाले. स्टेडियमवर, कॉलेजच्या ग्राउंडवर, नाहीतर गावाकडच्या डांबरी रस्त्यावर मुलं सोळाशे मीटर पळत असतात, मुली आठशे मीटर. मग गोळाफेक, शंभर मीटर. घरी येऊन अंघोळ, डबा, अभ्यासिका. तिथे गणित, बुद्धिमत्ता, चालू घडामोडी, मराठी व्याकरण. यातल्या कुणालाही विचारा, 'काय व्हायचंय?' उत्तर एकच, 'पोलीस.'

पण भरतीच्या जाहिरातीत आणखी एक पद असतं, कारागृह शिपाई. २०२४ च्या भरतीतही ते होतं. बरेच जण ते 'एक जास्तीचा चान्स' म्हणून भरतात. या नोकरीची ड्युटी चौकात नसते, नाकाबंदीला नसते. ती उंच भिंतीच्या आत असते. समोर शेकडो माणसं आणि हातात एक काठी. त्या माणसांशी कसं वागायचं हा त्या नोकरीतला खरा पेपर आहे. लेखी परीक्षेत समास विचारतात, वाक्प्रचार विचारतात. 'रात्री दोन वाजता बराकीतला कैदी छातीत दुखतंय म्हणाला तर तुम्ही काय कराल?' हा प्रश्न मात्र त्या शंभर मार्कांच्या पेपरात नसतो.

आपल्या गोष्टींत शिपाई कुठे असतो?

आपल्या भागाला तुरुंगाच्या गोष्टी नवीन नाहीत. यशवंतराव चव्हाणांना १९३२ मध्ये झेंडा लावल्याबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली, तेव्हा ते कराडच्या टिळक हायस्कूलचे विद्यार्थी होते. येरवड्याच्या कॅम्प जेलमध्ये त्यांनी जे वाचलं, ऐकलं, ज्या माणसांशी वाद घातले, ते त्यांचं एक प्रकारे कॉलेजच होतं. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी सांगलीचा तुरुंग फोडला. पहारेकऱ्यांची हत्यारं ताब्यात घेतली आणि किल्ल्यावरून खाली उड्या टाकल्या. त्यात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हुतात्मा झाले, वसंतदादांना गोळी लागली. शाळेत भाषण करायला सांगितलं की आपल्यापैकी निम्म्यांनी हा प्रसंग सांगितलेला असतो.

या सगळ्या गोष्टींत कैदी हिरो आहे. शिपाई एकतर व्हिलन असतो, नाहीतर भिंतीसारखा नुसता उभा असतो. त्यामुळे 'चांगला शिपाई' म्हणजे नेमका कसा, हे आपल्याला कुणी सांगितलेलंच नाही. वेब सिरीजनं तर उरलंसुरलं कामही तमाम करून टाकलंय. तिथे जेलर म्हणजे भारदस्त आवाज, गॉगल आणि पट्टा.

कोठडी वेगळी, कारागृह वेगळं

पुढे जायच्या आधी एक गोंधळ मिटवू. पोलीस ठाण्यात असते ती कोठडी, म्हणजे लॉकअप. अटक झाल्यावर चोवीस तासांच्या आत माणसाला न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं. हा हक्क राज्यघटनेच्या कलम २२ मधला आहे. तिथून कोर्टानं 'पोलीस कोठडी' दिली तर तपासासाठी तो पोलिसांच्या ताब्यात राहतो. 'न्यायालयीन कोठडी' दिली की तो जातो कारागृहात, आणि तिथे पोलिसांचं चालत नाही. कारागृह हा वेगळा विभाग आहे. शिपाई, हवालदार, सुभेदार, तुरुंगाधिकारी, अधीक्षक अशी तिथली वेगळी उतरंड आहे.

आत असलेले सगळे गुन्हेगार असतात हा दुसरा गैरसमज. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या तुरुंगांची क्षमता होती ४ लाख ३६ हजार, आणि आत माणसं होती ५ लाख ७३ हजार. शंभर जणांच्या जागेत एकशे एकतीस. त्यातले सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते. म्हणजे त्यांचा खटला अजून चालू आहे, गुन्हा सिद्ध झालेला नाही. चारातले तीन जण कायद्याच्या भाषेत आज निर्दोष आहेत. जामिनाचे पैसे नाहीत, वकील नाही, तारीख पुढे गेली म्हणून आत आहेत असे त्यांत कितीतरी असतात.

आता त्या एकशे एकतीस माणसांमध्ये उभ्या असलेल्या शिपायाचा विचार करा.

२०१७ मध्ये काय झालं?

त्या एका वर्षात महाराष्ट्रात दोन घटना घडल्या. जून महिन्यात मुंबईच्या भायखळा महिला कारागृहात एका महिला कैद्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. शिक्षेची बरीच वर्षं तिनं काढली होती. चांगल्या वर्तणुकीमुळे तिला बराकीत वॉर्डरचं काम दिलेलं होतं. म्हणजे ती कैदीही होती आणि थोडीफार पहारेकरीही. दोन अंडी आणि पाच पाव यांचा हिशोब लागला नाही, त्यावरून हे सगळं सुरू झालं असा आरोप झाला. कारागृहाच्या सहा महिला कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला.

नोव्हेंबरमधली घटना आपल्या शेजारची, सांगली शहर पोलीस ठाण्यातली. लुटमारीच्या गुन्ह्यात पकडलेल्या एका तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला. आधी सांगितलं गेलं की तो पळून गेला. मग तपासात पुढे आलं की मृतदेह आंबोलीला नेऊन जाळण्यात आला होता. पोलिसांवरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. सांगली बंद झाली, मोर्चे निघाले. तेव्हा आपल्यातले बरेच जण शाळेत होतो. घरात मोठी माणसं हळू आवाजात बोलत होती, एवढं नक्की आठवत असेल.

एक पोलीस कोठडी, एक कारागृह. एका ठिकाणी पुरुष, एका ठिकाणी बायका. तरी दोन्हीकडे काही गोष्टी सारख्या दिसतात. दार बंद होतं. बाहेरचं कुणी बघत नव्हतं. आणि समोरचा माणूस 'आपल्या ताब्यात' आहे, म्हणजे त्याचं काहीही करता येतं, ही समजूत होती.

स्टॅनफर्डचा धडा आपण चुकीचा शिकलो का?

इथे सायकॉलॉजीवाले लगेच हात वर करतील. 'हे तर स्टॅनफर्ड!' १९७१ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात फिलिप झिम्बार्डो यांनी केलेला तो प्रयोग. दिवसाला पंधरा डॉलर देऊन निवडलेले कॉलेजचे चोवीस विद्यार्थी. तळघरात बनवलेला खोटा तुरुंग. नाणं उडवून काही जण पहारेकरी झाले, काही कैदी. दोन आठवड्यांचा प्रयोग सहा दिवसांत बंद करावा लागला, कारण पहारेकरी झालेली मुलं कैद्यांचा छळ करायला लागली. पाठ्यपुस्तकातला निष्कर्ष असा की साध्या माणसाला सत्ता आणि युनिफॉर्म दिला की तो क्रूर होतो.

हा निष्कर्ष ऐकायला भारी वाटतो. पण फ्रेंच संशोधक तिबो ल टेक्सिये यांनी या प्रयोगाची जुनी कागदपत्रं आणि ध्वनिफिती तपासल्या आणि २०१८ मध्ये पुस्तक लिहिलं, तेव्हा चित्र बदललं. पहारेकऱ्यांना आधीच सूचना दिलेल्या होत्या. जो मुलगा मवाळ वागत होता त्याला 'तू कडक हो' म्हणून मागे लागून सांगितलं जात होतं. झिम्बार्डो स्वतः त्या तुरुंगाचे अधीक्षक होऊन बसले होते. त्यांनी शेवटपर्यंत प्रयोगाची बाजू मांडली, पण टेपवरचं बोलणं टेपवर आहे.

म्हणजे पोरं आपोआप क्रूर झाली नव्हती. त्यांना तसं वागायला सांगितलं होतं, आणि थांबवायला कुणी नव्हतं. मला वाटतं यातच मुद्दा आहे. शिपाई कसा वागेल हे त्याच्या स्वभावावर थोडं आणि दोन गोष्टींवर जास्त ठरतं. 'तुझं काम काय' म्हणून त्याला काय सांगितलंय, आणि त्याला जाब विचारणारं कोण आहे.

हे पटत नसेल तर आटपाडीला चला.

औंधच्या राजानं काय सांगितलं?

कराडहून विट्यावरून पुढे गेलं की हिरवळ संपत जाते आणि माणदेश सुरू होतो. आटपाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. १९३९ मध्ये ती औंध संस्थानात होती. औंध म्हटलं की आपल्याला यमाई आणि म्युझियम आठवतं. ते म्युझियम उभं करणारे, सूर्यनमस्कारांचा प्रचार करणारे भवानराव पंतप्रतिनिधी हे या संस्थानाचे राजे. त्यांनी १९३८ मध्ये जाहीर केलं की कारभार लोकांच्या हाती द्यायचा. त्याचा आराखडा करण्यात गांधीजींचा हात होता. राजपुत्र अप्पासाहेब पंत होते, आणि एक पोलंडचा इंजिनिअर होता, मॉरिस फ्रिडमन. बंगळूरची बरी नोकरी सोडून हा माणूस औंधात आला, खादी घालायला लागला, स्वामी भारतानंद झाला.

फ्रिडमन यांच्या पुढाकारानं आटपाडीजवळ कैद्यांची उघडी वसाहत सुरू झाली. तिचं नाव स्वतंत्रपूर. कैद्यांच्या वस्तीला असं नाव द्यायला धाडसच लागतं! खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेली माणसं इथे आणली गेली. भिंत नाही, बेड्या नाहीत. जमीन कसायची, घरात राहायचं, बायकामुलांना सोबत आणायचं. संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, पण वसाहत बंद पडली नाही. सरकारनं ती पुढे चालवली आणि ती आजही कारागृह विभागाच्या यादीत आहे.

ही गोष्ट तुम्ही वेगळ्या रूपात पाहिली असेल. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' याच कल्पनेवर उभा आहे. सहा खुनी आणि त्यांना माळरानावर घेऊन जाणारा जेलर. पटकथा लिहिली होती ग. दि. माडगूळकरांनी. ते माणदेशातले, याच औंध संस्थानातले. सिनेमाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, १९५८ ला बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल मिळालं. आजीआजोबांना विचारा, त्यांना गाणी पाठ असतील.

पण सिनेमात एक गडबड आहे. तिथे सगळं एका देवमाणसाच्या डोळ्यांवर चालतं. खऱ्या स्वतंत्रपूरमध्ये जादू नाही, नियम आहेत. कुणालाही उचलून इथे पाठवत नाहीत. बंद तुरुंगात शिक्षेचा काही काळ काढलेल्या, वर्तणूक चांगली असलेल्या कैद्यांची निवड होते. रोज हजेरी असते. हद्दीबाहेर मनाला येईल तसं जाता येत नाही. कामाचे पैसे मिळतात, शिक्षेत सूट बंद तुरुंगापेक्षा जास्त मिळते. आणि कुणी पळालाच तर नवा गुन्हा दाखल होतो, परत बंद तुरुंग. घर, पोरांची शाळा, उभं पीक, मिळालेली सूट असं सगळं एका झटक्यात जातं.

थोडक्यात, माणसाकडे गमावण्यासारखं काहीतरी दिलं की त्याला धरून ठेवायला भिंत लागत नाही.

मग इथला शिपाई काय करतो? हजेरी घेतो, नोंदी ठेवतो, कोण कुठे कामाला गेलाय ते बघतो. काठीचा इथे उपयोगच नाही. माळरानावर रात्री पळून जायचं ठरवलंच तर एकटा शिपाई कुणाकुणाला अडवणार? त्याला माणूस ओळखावा लागतो. कुणाच्या घरात भांडण झालंय, कुणाचं पोर आजारी आहे, कुणाचा अपील अर्ज फेटाळला गेलाय, हे ज्याला आधी कळतं तोच इथे पहारा देऊ शकतो. खाकी तीच आहे. औंधनं त्या खाकीला सांगितलेलं काम वेगळं होतं.

'पण लाड कशाला?'

हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याला 'कैद्यांना कुटुंबासोबत राहू द्या' हे ऐकून राग येणारच. त्या रागाला नावं ठेवायचा आपल्याला हक्क नाही.

पण कोर्ट शिक्षा देतं तेव्हा निकालात काय लिहिलेलं असतं? इतकी वर्षं कारावास. माणसाचं स्वातंत्र्य काढून घेणं हीच ती शिक्षा. त्यात रोज दोन थपडा, वरणात पाणी, आजारपणात दुर्लक्ष असं काही लिहिलेलं नसतं. ते शिपायानं आपल्या मनानं वाढवलं, तर तो न्यायाधीशाच्या खुर्चीत बसला असं होतं. सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट सांगितलंय. सुनील बत्रा नावाच्या कैद्यानं तिहार तुरुंगातून न्यायमूर्तींना पत्र लिहिलं की एका वॉर्डरनं दुसऱ्या कैद्याचा छळ केला, पैशासाठी. कोर्टानं त्या पत्रालाच याचिका मानलं. १९७९ च्या त्या निकालात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी बजावलं की तुरुंगाच्या दारात मूलभूत हक्क संपत नाहीत.

आणि एक साधा व्यवहार बघा. आत गेलेले बहुतेक जण कधी ना कधी बाहेर येणार आहेत. आपल्याच एसटीत, आपल्याच गल्लीत. ते कसे होऊन यावेत हे आत त्यांच्याशी काय झालं यावर बरंचसं ठरतं.

शिपायाचंही ऐका

हे सगळं लिहिताना शिपायाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचा इरादा नाही. तोही त्याच भिंतीच्या आत दिवस काढतो. गणपती, दिवाळीला ड्युटी. मंजूर पदं कमी आणि त्यातलीही रिकामी. मग चौघांचं काम दोघांवर. कैद्यांची संख्या वाढली म्हणून शिपाई वाढत नाहीत. माणूस थकला, घाबरला की पहिला हात काठीकडे जातो.

प्रशिक्षणाचं बघा. आपल्याकडे येरवड्याला दौलतराव जाधव कारागृह अधिकारी प्रशिक्षण महाविद्यालय आहे, म्हणजे शिकवायची सोय आहे. नॉर्वेत मात्र कारागृहाचा साधा पहारेकरी व्हायलाही दोन वर्षांचं शिक्षण घ्यावं लागतं. कायदा, मानसशास्त्र, नीतिशास्त्र. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या 'नेल्सन मंडेला नियमां'मध्येही म्हटलंय की कैद्यांशी थेट संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांकडे सहसा शस्त्र असू नये, आणि स्वसंरक्षण, पळून जाण्याचा प्रयत्न किंवा प्रतिकार यांशिवाय बळ वापरू नये. मंडेलांनी स्वतः २७ वर्षं तुरुंगात काढली होती.

'नॉर्वे श्रीमंत आहे, आपल्याला परवडत नाही' असं कुणी म्हणेल. मग औंध आठवा. छोटंसं संस्थान, निम्मा भाग दुष्काळी. तरी जमलं.

मोठ्या बंद तुरुंगातही छोट्या गोष्टी जमतात. कळंबा कारागृहातल्या कैद्यांनी बनवलेले अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू आपल्यापैकी अनेकांनी खाल्ले असतील. राज्यातल्या काही कारागृहांत 'गळाभेट' नावाचा उपक्रम झालाय. एरवी मुलाकत जाळीतून, काचेतून होते. त्या दिवशी मात्र कैद्यांची लहान मुलं आत येतात आणि आईबापाला मिठी मारतात. त्या तासाभरात शेजारी उभा शिपाई करतो तेही पहाऱ्याचंच काम आहे.

आपला संबंध काय?

आहे. कायदा शिकत असाल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं काम बघा. वकील परवडत नसलेल्या कैद्याला मोफत वकील मिळायचा हक्क आहे, आणि मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० हा नंबर आहे. हा नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, कुणाच्या घरावर कधी वेळ येईल सांगता येत नाही. समाजकार्य शिकत असाल तर टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून कैद्यांमध्ये काम करतोय. माझ्यासारखे पत्रकारिता शिकत असाल तर सुकन्या शांता यांचं काम वाचा. तुरुंगात जात बघून कामं वाटली जातात, झाडू कुणाच्या हातात आणि स्वयंपाक कुणाच्या हातात हे जातीवर ठरतं, हे त्यांनी बातम्यांतून मांडलं. मग त्या स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ३ ऑक्टोबर २०२४ ला कोर्टानं अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावलीतले असे नियम घटनाबाह्य ठरवले, आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. एका रिपोर्टरच्या चिकाटीनं देशभरच्या नियमावल्या बदलायला लागल्या.

आणि भरतीची तयारी करत असाल, तर लेखी परीक्षेच्या पुस्तकांसोबत डी. के. बसू खटल्यातली १९९६ ची मार्गदर्शक तत्त्वं एकदा वाचून घ्या. अटक करणाऱ्याची नेमप्लेट, अटकेचा पंचनामा, नातेवाइकाला कळवणं, वैद्यकीय तपासणी. एका पानात मावतात. हे नियम कैद्यासाठी आहेत असं वाटतं, पण ते खाकीतल्या माणसालाही वाचवतात. वरचा साहेब 'जरा बघ याच्याकडे' म्हणाला, तर नाही म्हणायला कागदाचा आधार लागतो.

शेवटी एक आकडा. स्वतंत्रपूरची क्षमता २८ कैद्यांची आहे. पुढे पैठण, विसापूर, येरवडा इथे खुली कारागृहं झाली, ती मोठी आहेत. पण जिथे कुटुंबाला सोबत घेऊन राहता येतं, अशा आपल्या माणदेशातल्या वसाहतीत जागा अठ्ठावीसच. तिच्यावर सिनेमा निघाला, त्याला जगभर बक्षिसं मिळाली. ऐंशीहून जास्त वर्षं ती चालू आहे. मग तशी दुसरी वसाहत शेजारच्या तालुक्यात का नाही? हा प्रश्न आमदारांना, पालकमंत्र्यांना, कारागृह विभागाला विचारता येतो. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.